डाव्या डोळ्यातला ठिपका

मी, ओमेश्वरी लोकेंद्र रहांगडाले, वय ४५ वर्षे, धंदा फोटो स्टुडिओ, राहणार आमगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने नव्हे तर माझ्या मर्जीने, माझ्याच अक्षरात लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात नागपूरला माझी शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणतात. पण काही गोष्टी फक्त मला ठाऊक आहेत, आणि त्या माझ्याबरोबर जाऊ नयेत.

१. आमगाव येथील राहते घर व त्याला लागून असलेला स्टुडिओ ही माझ्या मालकीची मिळकत आहे. माझ्यामागे ती माझी एकुलती एक मुलगी आचल, वय १९, हिची राहील. माझ्या सासूबाई चमेलीबाई यांना हयातभर मधल्या खोलीत राहण्याचा हक्क राहील. त्यांची खाट खिडकीपासून हलवू नये.

२. सासरच्या धानाच्या बांध्यांपैकी माझे पती कै. लोकेंद्र यांच्या वाट्याची दीड एकर जमीन माझ्या व आचलच्या नावे चढलेली आहे. त्यातला माझा हिस्साही आचलचाच. माझे दीर देवानंद भाऊजी यांनी या नोंदीला हरकत घेतली होती. ती का घेतली व कशी मिटली, हे कलम ४ मध्ये लिहिले आहे. ते वाचून त्यांना पुन्हा हरकत घ्यावीशी वाटली, तर आधीच सांगते: आचल ही लोकेंद्र यांचीच मुलगी आहे. दुसऱ्या पुरुषाची सावलीही माझ्या आयुष्यात आली नाही.

३. कॅमेरे, दिवे, पडदे व संगणक आचलने ठेवावेत किंवा विकावेत. लहान मुलांना बसवायचे लाकडी स्टूल अंगणवाडीला द्यावे. त्याचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा घालावा. संगणकातला ‘डोळे’ नावाचा फोल्डर मात्र कोणालाही देऊ नये.

४. हा फोल्डर काय आहे, ते सांगते. आमच्याकडे जुन्या माणसांचे फोटो नसतात. माणूस गेले की घरचे धावत येतात, आणि मिटल्या डोळ्यांच्या चेहऱ्याचा फोटो काढून घेतात. तेरवीला फोटो हवा, आणि त्यात डोळे उघडे हवेत. ते उघडायचे काम माझे. मुलाला किंवा मुलीला समोर बसवायचे, त्यांच्या डोळ्यांचा फोटो काढायचा आणि ते आईबापाच्या चेहऱ्यावर बसवायचे. लोक फोटो पाहून म्हणतात, पोराचे डोळे अगदी बापावर गेले. खरे तर बापाला पोराचे डोळे दिलेले असतात. मी अशी किती माणसे उघडली, त्याचा हिशेब नाही.

माझे सासरे कै. लक्ष्मीचंद २००५ च्या दिवाळीआधी गेले. मतदार ओळखपत्रावर त्यांच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग होते. आमचे हे फोटोला बसले, पण रडून यांचे डोळे सुजले होते. देवानंद भाऊजी तेव्हा सुरतेला होते, ते तेरवीलाच पोचणार होते. मला सातवा महिना होता. मी फोल्डरमध्ये शोधू लागले, आणि एक जोडी मला सरळ माझ्याकडे पाहताना दिसली.

ती त्याच वर्षीच्या चैत्रातली होती. रेल्वे रुळालगत एक बाई मेलेली सापडली होती. हे लग्नाच्या ऑर्डरवर गेले होते, म्हणून पोलिसांनी पंचनाम्याच्या फोटोसाठी मलाच नेले. मला दिवस गेले आहेत, हे तेव्हा मलाही कळले नव्हते. बाईच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता. डोळे उघडे होते, घारे, आणि डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला तिळाएवढा तपकिरी ठिपका. भिंगातून मी ते जवळ आणले, तेव्हा ती मेलेली आहे हे क्षणभर विसरले. तिला न्यायला कोणी आले नाही. बेवारस म्हणून पुरले.

मी ते डोळे सासऱ्यांना लावले. उजेड दुसऱ्या बाजूने होता, म्हणून उलटे करून लावले. रंग काळा करायचा होता. तेरवीच्या सकाळी लाईट जायच्या आत छापून घ्यायच्या घाईत तो राहून गेला. हार घालताना सासूबाई फोटोपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “कोनाले आनून बसवलं वं, बाई?”

दोन महिन्यांनी आचल झाली. सहाव्या महिन्यापासून तिच्या डोळ्यांचा रंग उतरत गेला. वर्षाची होईपर्यंत ते घारे झाले. मग डाव्या डोळ्यात ठिपका आला.

२०१७ साली हे गेले. जमिनीच्या नोंदीच्या वेळी चार माणसांसमोर देवानंद भाऊजी म्हणाले, “आमच्या खानदानात घारे डोये कोनाचे हायेत? दाखवा मले.”

सासूबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केले. “बाप भुलला का रे तू आपला?”

“बाबाचे असे नव्हते, माय.”

“तुले का मालूम? तू कवा त्याच्या डोयात डोये घालून बोलला? मान खाली घालून मार खात होता.”

माणसे हसली. भाऊजी फोटोजवळ गेले. “ठिपका तं बाबाच्या उजव्या डोयात हाये. पोरीच्या डाव्या.”

“फोटूत उलटं दिसते, आरशावानी,” सासूबाई म्हणाल्या. “आता पोरीच्या डोयात कायले घुसून राहिला? सही कर.”

फोटोत आरशासारखे उलटे दिसत नाही, हे त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होते. आचलचा ठिपका फोटोवरून आलेला नव्हता. तो जिच्या डाव्या डोळ्यात होता, तिथूनच आला होता. त्या दिवसापासून मी हे मनात वाहते आहे.

५. आचल बी.एस्सी. करते. एकदा मी तिला विचारले. ती म्हणाली, “आई, रंगाचे गुण आईकडून येतात आणि बाबाकडूनही. एक-दोन नाही, पुष्कळ असतात. घारेपण पिढ्यानपिढ्या लपून राहते आणि काळ्या डोळ्यांच्या आईबापांना घारं लेकरू होते. त्यात नवल नाही.” मला फार बरे वाटले. मग मी ठिपक्याचे विचारले. “तो बहुतेक वारशाने येत नाही. तो ज्याचा त्याचा असतो.”

आचल, हे तुला माझ्या तोंडून सांगायला हवे होते. मला धीर झाला नाही. पुढे तुझ्या लेकराला हे डोळे आले तर घाबरू नकोस. आणि आले नाहीत तर वाट पाहू नकोस.

६. सासऱ्यांचा भिंतीवरचा फोटो सासूबाई आहेत तोवर काढू नये. नातीसाठी त्यांनी आपल्या मालकाचे डोळे बदलू दिले. याहून मोठे दान मी पाहिले नाही. त्यांच्यामागे कपाटातला दुसरा फोटो देवानंद भाऊजींना द्यावा. त्यात मी भाऊजींचेच डोळे बसवले आहेत. तेच त्यांच्या वडिलांचे खरे डोळे. माझा त्यांच्यावर आता राग नाही.

७. माझा फोटो मिटल्या डोळ्यांचाच लावावा. आचलला समोर बसवून तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर कोणी लावू नयेत. ते माझे नाहीत.

८. कपाटात पांढऱ्या कापडात गुंडाळलेला आणखी एक फोटो आहे. तो त्या बाईचा. जन्मभर मी लोकांचे डोळे उघडले. गेल्या महिन्यात पहिल्यांदा कोणाचे तरी मिटले. त्यासाठी स्वतःचा डोळे मिटून फोटो काढला, आणि माझ्या पापण्या तिला दिल्या. हा फोटो माझ्या शेजारी लावावा. पितृपक्षात माझ्या पानाशेजारी तिचे एक पान आचलने वाढावे. नाव ठाऊक नाही. ‘आमची’ एवढेच म्हणावे.

हे मृत्युपत्र साक्षीदारांना वाचून दाखवताना कलम ८ व ९ वाचलेले नाहीत. कलम ९ मधली गोष्ट तर आजच, सह्यांच्या आधी घडली, म्हणून लिहिणे भाग आहे.

९. शेजारच्या सुमित्राबाई आज साक्षीला आल्या, तेव्हा कापड सरकून तो फोटो उघडा पडला होता. डोळे मिटलेले, ठिपका झाकलेला, ओळखू येईल असे त्यात मी काहीच ठेवले नव्हते. सुमित्राबाईंनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, “आचल झोपली असताना काढला का वं? चांगला आला.”

मी हो म्हणाले. आचलनेही हो म्हणावे.

वरील सर्व मजकूर माझा आहे, तो मी पुन्हा वाचला आहे आणि त्यातले एक अक्षरही मागे घेत नाही.

सही: ओमेश्वरी लोकेंद्र रहांगडाले

लिहून देणारीने आमच्यासमोर सही केली व आम्ही तिच्यासमोर केली:
१. ईश्वरदास बकाराम मेश्राम, निवृत्त पोस्टमन, आमगाव
२. सुमित्राबाई जागेश्वर कटरे, घरकाम, आमगाव

स्थळ: आमगाव, जि. गोंदिया
दिनांक: २२ ऑगस्ट २०२५