उजवं की डावं

३ नोव्हेंबर, सोमवार.
रविवारी वाचनालयात माझं व्याख्यान: 'धर्म आला कुठून?' छत्तीस वर्षं कॉलेजात फिलॉसॉफी शिकवली, हा तर हातचा मळ. कुणी म्हणतं भीतीतून, कुणी म्हणतं माणूस आपलेच गुण आभाळात टांगतो, कुणी म्हणतं समाज स्वतःलाच पुजतो. माझं मत भीती. मी तिच्यातून केव्हाच सुटलो.

४ नोव्हेंबर.
बायकोच्या, अंबूच्या, गळ्याशी गाठ. डॉक्टरांनी सुई घालून तपासायला घेतली. रिपोर्ट सोमवारी अकराला. अंबू ढिम्म. म्हणे, चहा गार होतोय. मीही शांत.

५ नोव्हेंबर.
टिपण शून्य. लाइट नव्हती. (दिवसा.)

६ नोव्हेंबर.
अंबूचा देव बिरोबा, कुंभारीच्या माळावर. तिथं कौल लावतात. देवाला दोन्हीकडं फुलं चिकटवायची, आधी कुठलं पडतं ते बघायचं. शुद्ध खुळेपणा! पण व्याख्यानाला उदाहरण हवं. उद्या फील्डवर्क. अंबूला सांगणार नाही, उगाच तिला वाटेल घाबरलो.

७ नोव्हेंबर.
चाळीस मिनिटं निरीक्षण. हात जोडले होते, वारं गार होतं. डावं पडलं. पुजारी येडूनं विचारलं, सर, मागितलं कुठलं व्हतं? मी काहीच मागितलं नव्हतं. मग देवानं सांगायचं तरी काय, म्हणाला. आणि मी पोरांना छत्तीस वर्षं सांगितलं, आधी प्रश्न नीट मांडा!

९ नोव्हेंबर, रविवार.
व्याख्यान झालं. 'भीती' शब्दापाशी आलो नि पहिल्या रांगेत अंबू दिसली, गळ्याला पट्टी. पुढं बोलवेना. दोन ग्लास पाणी प्यायलो. अध्यक्ष चनबसप्पांनी आभार मानून टाकले. लोकांना तो चिंतनाचा विराम वाटला असावा.

१० नोव्हेंबर, दुपारी २.
सकाळी सातलाच कुंभारी. या वेळी मोठ्यांदा म्हणालो, अंबूला बरं असेल तर उजवं दे. येडू फुलं भिजवता भिजवता म्हणाला, बाई शनवारी येऊन गेल्या की. मी विचारलं, तब्येतीचं मागितलं? न्हाय, म्हणाला. माझं काय व्हायचं ते हुंदे, ह्यांना तेवढी झोप लागू दे, म्हनल्या. तिला उजवं पडलं होतं.
मी चार रात्री टक्क जागा. माझा कौल राहिला बाजूला; देव खोटा ठरला, असं येडूला पटवायला ओट्यावर टेकलो.
जाग आली तेव्हा साडेबारा. येडूनं उठवलंच नाही, देवानं दिलेली झोप कशी मोडायची म्हणे.
घरी आलो. अंबू एकटीच जाऊन रिपोर्ट घेऊन आली होती. गाठ साधी.
तिनं एवढंच विचारलं, झोप झाली का.