गाडीला लावलेला चाबूक

अब्बा, या मोसमात मी माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो. उंटांच्या मोहरक्या चौतीस, सगळ्या दुहेरी शिवणीच्या, इंचाला आठ टाके. घोड्यांचे लगाम अकरा. पोटपट्टे एकोणीस, त्यातले दोन मलाच पसंत पडले नाहीत म्हणून उसवून पुन्हा शिवले. आणि यांत्रिक स्वार सव्वीस. हे शेवटचं तुम्हाला समजावून द्यावं लागेल, कारण तुम्ही गेलात तेव्हा असलं काही नव्हतं. इथे सौदीत उंटांच्या शर्यतीत पाठीवर आता माणूस बसत नाही, यंत्र बसतं. दीड वीत उंच, अडीच किलो वजनाचं. बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलची मोटर, तिला आडवा लावलेला चाबकाचा दांडा, आणि मोटारीच्या कुलपाला असतं तसलं रिमोट. मालक धावपट्टीच्या बाजूने गाडीतून पळतो, बटण दाबतो, आणि उंटावरचा चाबूक भिरभिरतो. यंत्रात छोटा कर्णाही असतो, त्यातून मालकाचं "यल्ला, यल्ला" उंटाच्या कानाशी ऐकू येतं. मला हे कुणी शिकवलेलं नाही. पहिलं ड्रिल मी स्वतः विकत घेऊन उघडलं, दुसरं जाळलं, तिसरं चाललं. बुरैद्यात बाजारात मिळणारी यंत्रं पट्टा ओला झाला की घसरतात, माझी घसरत नाहीत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, आमच्या कफीलच्या, म्हणजे ज्याच्या व्हिशावर आलो त्या मालकाच्या, शेजारी उंट पळवणारे लोक सांगतात.

आमची शेड खजुराच्या बाजाराच्या मागे आहे. हंगामात सगळा रस्ता गोड वासाने जड होतो, माश्या चामड्यावर बसतात, मी त्यांना शिव्या घालतो. माझ्याबरोबर एक पंजाबी आहे, सरहद्दीपलीकडचा. त्याच्या गावात टांग्यांच्या शर्यती होतात, त्यामुळे आमचं जमतं आणि भांडणही त्यावरूनच होतं. तो म्हणतो टांग्याची खरी शर्यत पक्क्या सडकेवर. मी म्हणतो वाळूवर, ओहोटीला, पाणी हटून तासभर झाला की. त्याने समुद्र पाहिलेला नाही, त्याच्याशी काय वाद घालायचा.

गावच्या किनाऱ्यावर शर्यतीआधी तुम्ही टाचेने वाळू दाबून बघायचात ते मला दिसतं. टाच अर्धा बोट आत गेली तर थांबायचं, नुसता ओला ठसा उठला तर गाडी काढायची. पलीकडे बंदराच्या अंगाला माणसं दुहेरी रांग करून उभी असत, आणि पैजा तिथेच लागत, समोरासमोर. कुणी कागद लिहीत नसे. ज्याच्याशी पैज लावली त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि शर्यत संपली की त्याला शोधायचा. तुमच्या हातात चाबूक असे, पण तो तुम्ही आपल्या घोडीच्या, तांबडीच्या, अंगाला लावत नसायचात. वाकून दांडा चाकाच्या आऱ्यांत धरायचात. कडकडकडकड असा आवाज उठला की ती कान मागे टाकायची आणि सुटायची. बाजारात माणसांना बाजूला करायला सगळेच टांगेवाले आऱ्यांत दांडा धरत, पण त्या आवाजावर घोडी पळवणारा तुमच्याखेरीज मी पाहिला नाही. चाकाचा वेग वाढला की आवाज आपोआप वाढतो, आवाज वाढला की घोडी आणखी सुटते. हे गणित मला इथे, या शेडमध्ये, मोटरीचे फेरे मोजताना उलगडलं. तुम्हाला ते कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतंत का, शंकाच आहे. तुम्ही मला काहीच शिकवलं नाहीत, अब्बा. घोडीजवळ उभं राहू दिलंत, तेवढंच.

आता गावात बंद पडलेल्या शर्यती पुन्हा सुरू व्हायच्या आहेत, पण अट अशी की गाडी हाकणाऱ्याच्या हातात चाबूक नको. त्यावरून महिनाभर आमच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये नुसती हाणामारी चालली आहे. गावातले चाळीसेक, कुवेत, दुबई, जेद्द्याचे मिळून तितकेच. एक म्हणतो, "चाबकाशिवाय शर्यत म्हणजे लग्नाची वरात, बँड तेवढा आणा." दुसरा म्हणतो, "स्वतःच्या पाठीवर एक घे, मग सांग वरात का काय ते." तिसरा, जो कधी घोड्याजवळ गेलेला नाही, परदेशातल्या हलक्या गाड्यांच्या शर्यतींचे व्हिडिओ टाकतो आणि लिहितो की तिथेही हेच भांडण आहे, चाबूक किती वेळा, किती उंचावरून, मनगटाने की खांद्यापासून. म्हणजे जिथे सगळं मोजून होतं तिथेही लोकांना ठरवता येत नाही. आणि दुसरं भांडण पैजेचं. वाळूवर उभा असलेला माणूस हातोहात पैज लावणार, मग आम्ही इथे राबणाऱ्यांनी काय पाप केलंय, आम्हालाही फोनवरून लावता आली पाहिजे, असं अर्ध्या लोकांचं म्हणणं. इथे पैज दोन्हीकडून बंद, दीनातही आणि कायद्यातही. तरी विचारणारे विचारतात. जेद्द्याच्या एका चाचांना कुणीतरी सुनावलं, "चाचा, तीनदा उमरा करून आलात आणि भाव विचारताय?" चाचांनी लिहिलं, "विचारतोय फक्त. विचारायला काय लागतं?"

मी त्या ग्रुपमध्ये फारसा लिहीत नाही. लिहिलं तर शुद्ध लिहितो, म्हणून लोक हसतात. पण तुमचं नाव निघालंच. "याच्या अब्बांनी कधी चाबूक लावला नाही, आणि चार वर्षं ओळीने जिंकले." चाबूकबंदीवाले तुम्हाला पुढे करतात. चाबूकवाले लगेच विचारतात, "पाचव्या वर्षी कसे जिंकले मग?"

पाचव्या वर्षी तुम्ही नव्हतात गाडीवर. मी होतो. तुमचा खांदा निखळला होता आणि तुम्ही, का कोण जाणे, लगाम माझ्या हातात दिलात. मी पंधरा वर्षांचा आहे. डावीकडे मुरूडकरांचा काळा घोडा, त्याचं नाक माझ्या चाकाला लागलंय. मी वाकून दांडा आऱ्यांत घालतो, तो अडकतो, हातातून निसटता निसटता राहतो. आवाज उठतच नाही. मग मी तो दांडा बाहेर काढतो आणि तांबडीच्या उजव्या पुठ्ठ्यावर मारतो. चार वेळा. मानेइतक्या अंतराने आम्ही जिंकलो. लोकांनी मला खांद्यावर घेतलं.

घरी आलो. अम्मा चुलीवर भाकऱ्या थापत होती, तुम्ही तिच्याकडून हळद मागितलीत, खोबरेल मागितलंत, आणि मला गोठ्यात नेलंत. तांबडीच्या पुठ्ठ्यावर बोटं फिरवून तुम्ही वळ मोजलेत. "चार," मी आधीच म्हणालो. मला वाटलं खरं बोललो म्हणून सुटेन. तुम्ही म्हणालात, "आकडा बरोबर आहे. आता लाव." मी हळद लावत असताना तिची कातडी थरथरत होती, माशी बसल्यावर थरथरते तशी. आणि तुम्ही मागून म्हणालात, "पुढं धावत नव्हती रे ती. तुझ्यापासून पळत होती." तेरा दिवस मला हळद लावायला लावलीत. पण एक गोष्ट मीही विसरलेलो नाही, अब्बा. बक्षिसाची तांदळाची गोण आणि पितळी हंडा तुम्ही परत केला नाहीत. त्या हंड्यातलं पाणी तुम्ही शेवटपर्यंत प्यालात.

इथून पुढचं सांगणं जड आहे. माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, व्यवसाय लिहिलाय घरगुती ड्रायव्हर. मी आयुष्यात टांगा आणि सायकल यापलीकडे काही चालवलेलं नाही, पण तेव्हा व्हिसा तोच मिळाला. आता नवे नियम आलेत, पुष्कळ लोकांना मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येते, देशाबाहेर जाता येतं. ड्रायव्हर, मेंढपाळ, घरकामवाले त्यातून वगळलेत. म्हणजे मी आरी घेऊन दिवसभर बसतो आणि कागदावर गाडी चालवतो, आणि त्या न चालवलेल्या गाडीमुळे मला जाता येत नाही. साडेतीन वर्षं झाली घरी जाऊन. धाकटीचा निकाह मी फोनवर पाहिला, हॉलचा पंखा कॅमेऱ्यासमोर होता, तिच्यापेक्षा पंखाच जास्त दिसला.

कफील वाईट माणूस नाही. ईदला कपडे देतो, ताप आला तर स्वतः दवाखान्यात नेतो. दर वेळी मी खुरूज मागतो, म्हणजे देश कायमचा सोडण्याचा कागद, आणि दर वेळी तो म्हणतो, "मोसम खलास होऊ दे." मोसम खलास झाला की पुढच्याची तयारी. या वेळी मी हटूनच बसलो. तो माझं नवं यंत्र उलटसुलट करून बघत होता, पट्ट्याची शिवण नखाने तपासत होता. म्हणाला, "हे दुसरं कोण करेल? तूच सांग." इतकं चांगलं काम केलं नसतं तर केव्हाच घरी असतो. मग तो हसत म्हणाला, "नवा माणूस आणायचा, शिकवायचा, पंधरा हजार रियाल जातील माझे. ते तू आणून दे. उद्या खुरूज."

त्याच आठवड्यात खमीस मुशैतहून फोन आला. आपल्याच गावचा, तिथे कापडाचं दुकान आहे, ग्रुपमध्ये चाबकाच्या बाजूने सगळ्यात मोठ्याने ओरडणारा.

"भाय, नियम नीट वाचलास ना? हाकणाऱ्याच्या हातात चाबूक नको. हातात."

"वाचला."

"गाडीला लावलेला असेल तर?"

त्याला माझ्या यंत्रांविषयी माहीत होतं. टांग्याच्या बैठकीखाली मोटर, त्याच्या दोन दांड्यांच्या मधून पुढे येणारा चाबूक, वरून झूल टाकली की दिसायचा नाही. रिमोट वाळूवर उभ्या माणसाच्या खिशात. हाकणाऱ्याचे दोन्ही हात सगळ्यांना दिसणार, रिकामे.

"आणि नाव तुझ्या अब्बांचं सांगायचं," तो म्हणाला. "त्यांच्यासारखाच बिनचाबकाचा पळवतोय म्हणून. इथून दोनशे माणसं फोनवरून लावायला तयार बसलीत. कळेल कुणाला?"

"घोडीला कळेल," मी म्हणालो.

"घोडी ग्रुपमध्ये आहे काय?"

हसू आलं मला, अब्बा. मी विचार करून सांगतो म्हणालो. पंजाब्याला सांगितलं तेव्हा मला वाटलं तो शाबासकी देईल, कारण मी छाती काढून म्हणालो की माझ्या बापाच्या नावावर मी घोडीला फटके मारणार नाही. तो पट्ट्याला भोकं पाडत होता. मान वर न करता म्हणाला, "उस्ताद, और जो छब्बीस तुमने ऊंटों पे बिठाए? ऊंट का अब्बा नहीं होता क्या?"

त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शर्यतीवरून परतलेल्या उंटिणीच्या पाठीवर हात फिरवायला गेलो तर ती सरकून उभी राहिली. वळ होते. मोजले नाहीत, आणि मी सगळं मोजणारा माणूस. चाबकाच्या टोकाला कापडाची गुंडी शिवली तर वळ उठत नाहीत, फक्त आवाज होतो, हे मी कफीलला करून दाखवलं. त्याने बटण दोनदा दाबलं, उंटीण चालतच राहिली. "हे लहान मुलांचं खेळणं," तो म्हणाला आणि गुंडी दाताने तोडून टाकली. आता सत्ताविसावं यंत्र टेबलावर आहे. परवापर्यंत द्यायचंय. देईन.

हे पत्र मी फोनवर लिहीत नाही, वहीत लिहितोय, आणि वही पेटीत राहील. टपालाचा पत्ता नाही हे कारण सोडा. असता तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू नये असं वाटतं. खमीसवाल्याला नाही म्हणण्याआधी मी ते यंत्र करून पाहिलं होतं. जमतं का एवढंच बघायला, असं स्वतःला सांगितलं. चार दिवस लागले. चाबूक दांड्यांच्या मधून बरोबर उजव्या पुठ्ठ्याच्या उंचीला येतो, झूल हलत नाही, मोटरीचा आवाज टापांत बुडेल इतका कमी. मी इतकं नेटकं काम आजवर केलेलं नाही. मग त्याला फोन करून नाही म्हणालो, आणि यंत्र अजून मोडलेलं नाही. तो देणार होता अठरा हजार रियाल, अर्धे आधी.