लाळेतलं बळ

माकणी, मे १९७३. मंगळवार, संध्याकाळ.

शांताचं दोन महिन्यांचं लेकरू आज हगवणीनं गेलं. ती दुष्काळी कामावर खडी फोडते. घरी सासू विहिरीच्या गढूळ पाण्यात पावडरचं दूध कालवून पाजायची. परवाच मी शांताला समजावलं होतं, की इतक्या लहान बाळाच्या लाळेत रोगाशी लढायचं बळ अजून आलेलं नसतं, ते हळूहळू येतं. तोवर आईच्या दुधातनंच मिळतं.

ती म्हणाली, "दूध लई हाय, नर्सबाई. पर मुकादम लेकरू आणू देत न्हाय. छाती दुखाया लागली की खडीवर पिळून टाकते."

लाळेचं कुणाला सांगत होते मी?

माती देऊन झाल्यावर तडक मुकादमाकडं गेले. तो म्हणाला, "आता काय उपेग, बाई?"

त्याच्या मागं खडी फोडणाऱ्या आणखी दोघींच्या चोळ्या दुधानं भिजल्या होत्या.