न दाबलेली अक्षरं

१५ जून १९९८, लातूर

उमरीहून सकाळच्या एसटीनं आले. व्यंकटी सरांच्या क्लासमध्ये मी आता कॉम्प्युटरच्या मॅडम! खालच्या मजल्यावर बारावीची पोरं फिजिक्स घोकतात, वर माझे सहा कॉम्प्युटर. सर धिप्पाड, हसरे. स्वतः उठून चहा दिला. भूकंपात गाव गेलं, मग इथं येऊन क्लास काढला, म्हणाले. शिपाई ग्यानोबाही त्यांच्याच गावचा.

१९ जून

मनतशा वर्गात सगळ्यांत हुशार. तिचा पहिलाच प्रोग्राम: आधी वय विचारायचं, मग नाव. पण वय टाकलं की तो नावासाठी थांबेचना, सरळ पुढं पळायचा. शिकताना माझंही असंच झालं होतं. वयानंतर दाबलेलं एन्टर आत शिल्लक राहतं आणि पुढचा प्रश्न तेच गिळून टाकतो. ते शिल्लक काढणारी एक ओळ घातली. थांबला बरोबर.

मग नाव आपोआप उमटलं. इंग्रजी अक्षरांत, गोदावरी.

मी चिडले. मनतशाचे दोन्ही हात मांडीवर. म्हणाली, मॅडम, म्या हातबी न्हाई लावला.

२२ जून

आत येणारं प्रत्येक अक्षर पडद्यावर दिसेल असं केलं. कीबोर्डची वायर काढून बाजूला ठेवली. पंधरा मिनिटं काही नाही. मग एका बोटानं शोधत दाबल्यासारखी, सावकाश अक्षरं आली.

हात दे. हात दे. हात दे.

२३ जून

सरांना दाखवलं. गोदावरी वाचताच तोंड पांढरं पडलं. कोण सांगितलं तुला, म्हणत त्यांनी मनतशाचे केस धरले आणि तिचं डोकं टेबलावर आपटलं. दोनदा. तिचा दात पडला. मी मधे पडले तर माझं मनगट पिरगळलं, अजून सुजलेलं आहे.

दुपारी ग्यानोबा जिन्यात बसून रडला. गोदावरी सरांची भावजय. ढिगाऱ्याखाली जिती होती. पाटल्या घातलेला हात तेवढा बाहेर, हात दे म्हणून हाका मारत होती. सरानं पाटल्यांपायी कोयत्यानं हातच तोडला, मॅडम. म्या बघितलो अन् गप बसलो.

२४ जून

सकाळी आम्ही तिघं पोलिसांत जाणार होतो. मनतशाच्या वह्या घ्यायला वर आलो आणि मागून सर कोयता घेऊन आले. ग्यानोबा जिन्यात आडवा झाला. त्याची किंकाळी ऐकली. मग ती मधेच थांबली.

मनतशा आणि मी आतल्या खोलीत. कडी लावलीय. वाचलो नाही तर कुणाला तरी कळावं म्हणून लिहितेय –

प्लायवूडचं दार. कोयत्याचं पातं आरपार आलं. भोक मोठं होतंय. त्याचा हात आत आलाय, कडी चाचपडतोय –

बाहेर कीबोर्ड खडखडतायत. सहाही. तिकडं तर दुसरं कुणीच –

ओरडतोय. सोड म्हणतोय. वैनी, सोड. हात ओढतोय, निघत नाही. हाड मोडल्याचा आवाज –

मनतशाला खिडकीतून खालच्या पत्र्यावर सोडलं. खिडकी एवढीशी, मी मावत नाही. पळाली. पळाली पोरगी.

बाहेर आता काहीच नाही. दाराखालून रक्त येतंय. त्याचा हात आत पडलाय, मनगटापासून तुटलेला. बोटं हलतायत. फरशीवरून दाराकडं – वर, कडीकडं –