लुटलेलं वाण

माजलगाव, ९ फेब्रुवारी

चि. संस्कृतीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

एका वाणाचा खरा खर्च सांगतो. पेनड्राइव्ह घाऊक भावात एकशेसाठला, वरची लाल नाडी दोन रुपयांची, हळदीकुंकू तुझ्या आईच्या करंड्यातलं. त्यावर आता जामीन, वकील, आणि दुकानातले सगळे कॉम्प्युटर व माझा मोबाईल पोलीस ठाण्यात. म्हणून हे पत्र. आपले वकील भगवानराव म्हणाले, खटला मिटेपर्यंत भाचीशी फोनवर एक अक्षर बोलायचं नाही. पोस्टाबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

तुला तुकड्यातुकड्यानं कळलं असेल, म्हणून सरळ सांगतो. दिवाळीत तू तुमचा कॉम्प्युटरवरचा नवा गेम मला नुसता ऐकायला दिलास. विहिरीवरच्या मोटरीचा आवाज खरा वाटतो का, एवढंच विचारलंस. मी म्हणालो, ही मोटर शहरातली दिसते. आपली मोटर पाणी चढायच्या आधी एकदा खाकरते. तू तो खाकरा घातलास, दुरुस्त केलेला गेम पाठवलास, आणि ऐकून झाला की पुसून टाका म्हणालीस. कोण पुसणार? सायकलची पंक्चरं काढत वर आलेल्या माणसाची भाची गेम तयार करते, अन् तो मी पुसू?

संक्रांतीला अक्का हटून बसली. दरसाल वाट्याच लुटते, यंदा माझ्या लेकीचं काहीतरी लुटीन म्हणाली. मी साठ पेनड्राइव्ह भरून दिले. कुणाकडून रुपया घेतला नाही. वर मोबाईलच्या स्टेटसला बायकांचा फोटो टाकून लिहिलं, ‘यंदा आम्ही भाचीचा गेम लुटला.’

तुमच्या कंपनीच्या वकीलबाई परप्रांतातल्या. त्यांनी हा शब्द कोशात पाहिला असणार. फिर्यादीत लिहिलंय की आरोपीनं लूट स्वतःच जाहीर कबूल केली आहे. मी फौजदारसाहेबांना समजावलं की वाण लुटणं म्हणजे वाटणं. ते हसले. त्यांच्या मंडळींनी यंदा गाळण्या लुटल्यात. पण कागदावर आहे ते आहे, म्हणाले.

एक मात्र सांगतो, आतून ऐट जात नाही. माझे कान तुला ठाऊक आहेत. तिन्हीसांजेला गल्लीतून निघालं की घराघरातून तुझा तो खाकरा ऐकू येतो. आख्खं माजलगाव तुझा गेम खेळतंय, पोरी.

पोलिसांना मी सांगितलंय की गेम तुझ्या बॅगेतून न विचारता काढला. तूही तेच सांग. तुझी नोकरी राहिली की माझं काय व्हायचं ते होवो.

लोभ आहेच, तो मुद्देमालात जमा झालेला नाही.

तुझा,
गहिनीनाथमामा


पुणे, १७ फेब्रुवारी

ती. मामांस,
संस्कृतीचा शि. सा. न. वि. वि.

गाळण्यांपर्यंत हसले. बॅगेपाशी पत्र खाली ठेवलं.

तुम्हाला अर्धंच माहीत आहे. वाण लुटल्यावर आठवड्याभरात आमचा गेम एका फुकट्या साइटवर आला. हजारो लोकांनी उतरवून घेतला. आम्ही बाहेर देतो त्या प्रत्येक प्रतीत एक खूण असते. त्या प्रतीतली खूण होती ‘गहिनी’. आदिनाथनं, म्हणजे कंपनी ज्याची त्यानं, आम्हा चौघांना समोर बसवून विचारलं की हे नाव कुणी दिलं. मी स्क्रीनकडे बघत राहिले. मग त्यानं अज्ञात इसमाविरुद्ध तक्रार दिली. पुढे बीडच्या कुणीतरी त्याला तुमच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट दाखवला.

कायदा वाचून काढला. कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं, दंड पन्नास हजार ते दोन लाख. नफ्यासाठी केलं नसेल तर न्यायाधीश कमी करू शकतात, पण ते त्यांच्या मनावर. तुम्ही सहा महिने आत, हे मला झेपत नाही. आणि आदिनाथ दुष्ट आहे असंही म्हणता येत नाही. अडीच वर्षं त्यानं स्वतः पगार घेतला नाही, लग्न पुढे ढकललं. त्याला वाटतं, एकाला तरी जबर शिक्षा झाल्याशिवाय लोक हे थांबवणार नाहीत.

बॅगेतून चोरी झाली असा माझा जबाब टाइप होऊन आला आहे. सही तेवढी राहिली. आईला सांगू नका.

आशीर्वाद असू द्यावेत, मी त्यांना पात्र नसले तरी.

आपली,
संस्कृती


माजलगाव, २२ फेब्रुवारी

चि. संस्कृतीस,
अ. उ. आ.

सही कर. मामा म्हणून सांगतो.

बाकी तुझ्या आदिनाथचं म्हणणं मी दोन दिवस चघळलं. माझ्या दुकानातून कुणी चार्जर उचलला तर मी त्याला शिव्या देतो, चहा पाजतो, चार्जर परत घेतो. तुमची वस्तू परत घेता येत नाही. गेली की हजार ठिकाणी गेली. हे मला कळत नव्हतं, आता कळलं, आणि लई वाईट वाटलं. दंड घ्या म्हणावं, भरीन. पण हजार ठिकाणी नेणारा सापडत नाही, म्हणून त्या हजारांची शिक्षा सापडेल त्याला, हा कुठला तोल? आणि धाक बसला तो कुणाला? तुझ्या आईला. शेजारच्या लग्नाला गेली नाही. बायका म्हणतील लुटारू आली, म्हणते. मी चेष्टा केली तर म्हणाली, ‘गहिनी, मी लेकीचं नाव घराघरात पोचवाया गेले अन् ठाण्यात पोचवलं.’

लोभ ठेव, आणि सही करून झोप काढ.

मामा


पुणे, ४ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सही केली नाही. आदिनाथला सगळं सांगितलं. प्रत मी दिली, खूण मी घातली, गप्प मी बसले. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘त्या दिवशी बोलली असतीस तर मी मामांकडे जेवायला गेलो असतो. आता तक्रार माझ्याही हातात नाही.’

लुटणे म्हणजे वाटणे, आणि यात कुणी पैसा घेतला नाही, असं तो कोर्टाला लिहून देणार आहे. मी मात्र आता तिथे नाही. राजीनामा त्यानं मागितला नव्हता. पण नको असंही म्हणाला नाही. गेममधला खाकरा तेवढा राहील.

वकीलबाई साठ प्रतींचं नुकसान वेगळं लावत आहेत. ते पेनड्राइव्ह परत गोळा करून पोलिसांत जमा केलेत तर भगवानरावांना बोलायला जागा मिळेल.

आईला जवळ बसवून सांगा. मला फोनवर जमणार नाही.

आपलीच,
संस्कृती


माजलगाव, १६ मार्च

चि. संस्कृतीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र अक्काला वाचून दाखवलं. रडली नाही. उठली, पदर खोचला अन् चल म्हणाली. वाण परत मागायला निघालेली बाई माजलगावनं पहिल्यांदाच पाहिली असेल. कुणी दारात अडवलं नाही, सगळ्यांनी चहा दिला.

पेनड्राइव्ह जवळपास सगळे मिळाले. काहींत लग्नाचं शूटिंग होतं. काही ट्रॅक्टरला लावलेले, गाण्यांनी भरलेले. चंद्रभागाबाईंनी तर देवघरात ठेवला होता, नाडीसुद्धा सोडली नव्हती. संस्कृतीचं हाय म्हणून जपलं, म्हणाल्या. म्हणजे तिन्हीसांजेला मी ऐकत होतो तो खाकरा तुझ्या गेमचा नव्हता, बोअरच्या मोटरींचा होता.

एका घरातला पेनड्राइव्ह अगदी कोरा करून परत आला. देणाऱ्यानं मान वर केली नाही. साइटवर गेम कुणी टाकला ते मी समजलो. त्याला सहा महिने द्यायचे असतील तर ते कुणीतरी दुसऱ्यानं द्यावेत. मी नाव घेतलं नाही, तुलाही कळवणार नाही. पुढच्या तारखेला मी एकटाच उभा राहीन.

तू चार दिवस इकडे ये. अक्का तुझ्यावर रागावलेली नाही. मी माझ्यावर आहे, ते चालू राहील. लोभ कमी करू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. : दुकान कॉम्प्युटरचं असून हे मी आधी मोजलं नव्हतं. त्या साठ घरांत मिळून कॉम्प्युटर एकच निघाला.