सुटकेआधीचा मोक्ष

तीर्थरूप रत्नाकरमामा यांस,

शिंक आवरून साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे माझ्याखेरीज सगळे मजेत. बाबा दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत, म्हणजे तेही मजेतच.

परवाच्या सूर्यग्रहणाची हकीकत आईने इंदुरापर्यंत पोचवली असेलच. आता खरी ऐका. बँकेतल्या प्रल्हादकाकांची संपदा तुम्हाला ठाऊक आहे (मला जरा जास्त). काका कर्मठ आणि मी बी.एस्सी. अर्ध्यात सोडलेला. तेव्हा ठरवलं, गंगेच्या शिंदे घाटावर ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून जप करायचा. काशीनाथ गुरुजींनी गोत्रासकट खणखणीत संकल्प सांगितला. काका बघत होते. मी धन्य.

आणि मग उगवला केयूर. युनिव्हर्सिटीत खगोलशास्त्राचं संशोधन करतो (म्हणजे दिवसा झोपायची सरकारी परवानगी). दुर्बीण मांडून त्याने पांढऱ्या कागदावर सूर्य पाडला. कागद कुणी धरला? संपदाने. चंद्र सूर्याला कसा ग्रासतो हे तो काकांना समजावत होता, आणि मला कोण कसं ग्रासतंय हे मी पाण्यातून बघत होतो. (सूर्य निदान तासा-दोन तासांत सुटतो.) संकल्पाचं पाणी सोडल्यामुळे हलता येईना, मासे पोटऱ्यांना टोचत होते, आणि आपले कर्मठ काका त्या कागदाभोवती पोरासारखे नाचत होते!

कागद सरळ करायला म्हणून केयूरने तिचा हात धरला आणि माझा जप चौथ्या माळेत तुटला. ओल्या पंच्यानिशी तरातरा पायऱ्या चढलो आणि ओरडलो, "हात सोड, नाहीतर दुर्बीण गंगेत!" ते कुणी ऐकलंच नाही, कारण मागून आरोळी उठली, "पंडितजी निकल आए! मोक्ष हो गया!" आमच्या घरचं चार पिढ्यांचं उपाध्येपण असं कामी आलं. शे-दोनशे यात्रेकरूंनी ग्रहण सुटलं समजून धडाधड बुड्या मारल्या. कुणी कचोरीचा पुडा सोडला. सूर्य अजून अर्धा खाल्लेलाच. गुरुजी कपाळ बडवून घेत होते. शेवटी केयूरने तोच कागद सगळ्यांना फिरवून दाखवला, "देखिए, अभी बाकी है." लोक निमूट पुन्हा जपाला. काकांनी त्याची पाठ थोपटली. माझ्याशी संपदा एवढंच बोलली, "निनाद, पंचा सांभाळ."

या गावात न्याय उरलेला नाही. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
निनाद

ता. क. संपदा काल घरी आली होती. म्हणाली, "घाटभर तमाशा करायची हिंमत आहे आणि सेकंड इयरचा फॉर्म भरायची नाही?" शुक्रवार शेवटचा. बाबा सही करत नाहीत. तुमचं ऐकतात, फोन करा. तिचं नाव काढू नका.

ता. क. २. फिजिक्स केयूर शिकवणार आहे. वर त्याच्याबद्दल लिहिलेलं सगळं खरं आहे, पण कुणाला वाचून दाखवू नका. संपदा त्याला 'केयूरदादा' म्हणते. पाण्यात उभं असताना ते ऐकू येत नाही.