मिठाईच्या काचेत छोटी लाइन

८ डिसेंबर, नागभीड
मागची राइस मिल सुरू झाली. सकाळपासून तुसाची राख. अंगणात, हंड्यातल्या पाण्यावर, माझ्या कोऱ्या कागदांवर आणि दादाच्या गाडीवर.
छोटी लाइन, नॅरोगेजची, केव्हाच उखडली. दादाच्या खोलीत ती अजून उभी आहे: इंजिन, चार डबे, फलाट, एक सिग्नल. सागाच्या कपच्या, चहाच्या डब्याचा पत्रा, सायकलचे आरे. दादा त्या लाइनवर पॉइंट्समन होता तेव्हाच खऱ्या गाडीचं सुतळीने माप घेऊन ठेवलं होतं. निवृत्तीनंतर हाताला एक बोट या हिशेबाने उतरवली. चोवीस अंगुळांचा एक हस्त, हे मी संस्कृत पाठशाळेत घोकलं. त्याचा पुढे काही उपयोग झाल्याचं आठवत नाही.
आज पिसाने राख झटकताना माझ्याकडून सिग्नलचा हात मोडला. दादा म्हणाला, "पंडित, तू नको हात लावू. तुया हातात फक्त श्लोक टिकते." तुकडा उचलून सदऱ्याच्या खिशात टाकला. पूर्वी संध्याकाळपर्यंत जोडला असता. आता कंपवात. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतो. म्हणजे यापुढे जे मोडेल ते मोडलेलंच राहणार.
काचेचं कपाट हवं. लवकर.

११ डिसें.
रफिकभाईचं काचेचं दुकान. लांबी सांगितली. "सर, इत्ती लंबी? मछली पालून राह्यले का मगर?" मग भाव सांगितला. मी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली आणि निघालो.
सुतार म्हणतो सागाची चौकट करू, स्वस्तात माल आहे, कागद मागू नका. चोरट्या सागाच्या बातम्या इतकी वर्षं मीच पेपरला पाठवतो. स्वतः बातमी व्हायची हौस नाही.

१९ डिसें.
अमोलने (दादाचा मुलगा, पुण्यात) मोबाइलवर दुवा पाठवला. पारदर्शक पेट्या, घडीच्या, घरपोच. आकार साबणाच्या वडीला शोभेल असा. खाली लिहिलं होतं, काका, डबे सुटे करून वेगवेगळ्या पेट्यांत ठेवले तर?
दादाला विचारलं. चूक झाली.
"गाडी तोडाची नाई. जोडूनच राहीन." थोड्या वेळाने, "त्याले म्हणा, तू तिकडे सुटा डबा हायेस तेवढं पुरे."
हे पुण्याला कळवलं नाही.

२ जाने.
तात्पुरतं म्हणून हिची जुनी साडी गाडीवर पांघरली. सकाळी दादाने काढून टाकली. मढं झाकल्यासारखं दिसते म्हणाला. काढताना जरीचा दोरा धुरांड्यात अडकला. धुरांडं वाकलं.
तो रोज आंघोळ करून गाडीसमोर खुर्ची टाकून बसतो. वर्तमानपत्र हातात असतं, पण उलगडत नाही. त्यात माझी बातमी असते त्या दिवशीही.

२७ जाने.
चिमूरला सभेच्या वार्तांकनाला गेलो. सभा रद्द. बसस्टँडजवळ गुलाबभाऊचं हॉटेल कायमचं बंद झालेलं. दारात मिठाईचा काउंटर: तिन्ही बाजूंनी काच, मागे सरकती दारं, आत ट्यूबलाइट, खाली लाकडी खोकं, चार पाय. सुतळीने मोजला. अख्खी गाडी बसते, शिवाय फलाटाला जागा.
गुलाबभाऊने जवळपास फुकट दिला. अट एकच, हॉटेलवर बातमी, फोटोसकट. मी हो म्हणालो. आमच्या संपादकांना चिमूर हे नकाशावरच दिसतं, तिथली जिलबी कुठून दिसणार. पण हो म्हणालो.

३ फेब्रु.
दुधाच्या टेम्पोतून काउंटर आला. सोडा, लिंबू, उकळतं पाणी. ही म्हणाली, एवढं लग्नात मला नव्हतं घासलंत. पेढ्याचा वास काही गेला नाही.
दुपारभर दादाने स्वतः गाडी आत मांडली. कोणाला जवळ येऊ दिलं नाही. एकेक चाक रुळावर बसेपर्यंत हात थरथरत होते, आम्ही दाराबाहेर श्वास धरून. शेवटी दार सरकवलं, दिवा लावायला सांगितला.
"आता राख बाहेर, गाडी अंदर."
जेवला नीट. दोनदा भात घेतला.

५ फेब्रु.
गल्ली लोटली. शेजारचे बंडूभाऊ काचेवर टकटक करून, "दादा, पावशेर डबा द्या, ताजा असंन तर." दादा म्हणाला कालचा हाय, तुमाले चालते. कित्येक महिन्यांनी त्याने कोणाची टर उडवली.
गुलाबभाऊची बातमी आली. एक ओळ. नाव गाळून. त्यांचा फोन उचलला नाही.

१ मार्च
मुंग्या. लाल, बारीक. रुळावरून शिस्तीत, वेळापत्रकाप्रमाणे. दादाला आधी गंमत वाटली, "पॅसेंजर आले." नंतर वाटली नाही.
गाडी सगळी डिंकाने जोडलेली आहे. तोही लाडवाचा. वहिनी होत्या तेव्हा त्यांच्या डब्यातून उचलायचा, त्या ओरडायच्या. त्या गेल्यावरही त्याच डब्यातला, दुसरा चालत नाही.
आपल्याकडे दूधदुभत्याच्या कपाटाला करतात तेच मी केलं. चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. दुर्गाला परिखा, किल्ल्याला खंदक, मी म्हणालो. दादाने मान हलवली. पंडिताचा एकदाचा उपयोग झाला म्हणून असावी.

९ मार्च
मुंग्या कमी नाहीत. जास्त. वाट्यांत पाणी भरलेलं, एकही बुडालेली नाही. आज दुसऱ्या डब्याचं छत सरकलं आणि फलाटावर पडलं. सांध्यात डिंक नाहीच.
काउंटर हलवून खाली वाकून पाहिलं. लाकडी खोक्यात जुन्या पाकाचा थर, फटीत वारूळ. चिमूरहूनच आलेलं. आधी त्या खाली उतरून सगळ्या घरात फिरत, हिच्या साखरेवर जगत. मी चारी बाजूंनी पाणी घालून त्यांना गाडीबरोबर कोंडलं. दुसरं खायला ठेवलंच काय.
दादाला सांगितलं. त्याने वाकून पायांशी ठेवलेल्या वाट्या पाहिल्या.
"तू वेढा उलटा टाकला, पंडित."
रागाने नाही. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

१० मार्च
वाट्या काढल्या. दोन पायांशी गुळाचे खडे ठेवले, उतरतील म्हणून. थोड्या उतरल्या. फवारा मारता येत नाही, रंग जाईल. गाडी बाहेर काढता येत नाही, उचलली की सुटेल. दार बंद ठेवलं तर मुंग्या, उघडं ठेवलं तर राख. मिल उन्हाळी धानाला पुन्हा लागणार म्हणे.
अमोलला फोन केला. येतो म्हणाला. केव्हा ते नाही म्हणाला.

१४ मार्च
तिसऱ्या डब्याची एक बाजू गेली.
दुपारी दादाने हाक मारली. खुर्ची काउंटरजवळ ओढलेली, समोर वहिनींचा डबा. तळाशी थोडा डिंक. खिशातून सिग्नलचा हात काढून माझ्या तळहातावर ठेवला. डिसेंबरपासून खिशातच होता, सदरे बदलले तरी.
"पयले हे. मंग डबे."
मी म्हणालो बाजारातला गोंद आणू, त्याला मुंग्या लागत नाहीत. तो म्हणाला नाई. मी म्हणालो माझ्या हातात श्लोक टिकतात फक्त. तो म्हणाला, "मी सांगतो ना. तू नुसता हात दे."
डिंक भिजवला. वाटी पाण्याच्या ताटात. त्याने सांगितलं तसं टोकावर थेंब, दाबून धर, श्वास नको सोडू. धरलं. सोडलं तेव्हा सिग्नलचा हात तिरपा बसला होता, खाली झुकलेला. मी आडवा बसवत होतो. आडवा म्हणजे थांबा.
पुन्हा करू का, विचारलं.
दादा चष्मा लावून पाहत राहिला. "राहू दे. खाली हाय म्हंजे लाइन मोकळी हाय. गाडी निघू शकते."
तिसऱ्या डब्यातून एक मुंगी बाहेर आली, पाठीवर पिवळा कण. दादाने बोटाने तिची वाट अडवली. ती थांबली, मग बोटावर चढली.
उद्या डबे.